घोडे नेणाऱ्या गाडीला आतून अस्तर: काय निवडावं, कसं बसवावं

दत्तजयंतीची यात्रा उलगली की सारंगखेड्याच्या बाजारातून घोडे घरोघर निघतात. तापीकाठावरून पुण्यापर्यंत यायचं तर चारशे किलोमीटरच्या वर रस्ता, आणि बहुतेकांचं वाहन म्हणजे पिकअप नाहीतर ट्रक. आत उघडा पत्र्याचा हौदा. त्याला गोणपाट बांधायचं, गवताची पोती उभी करायची, एखादी जुनी गादी दोरीनं आवळायची आणि निघायचं. एका फेरीला हे चालून जातं. पण ज्यांची स्वतःची गाडी आहे, जे वर्षातून चार-सहा वेळा यात्रेला, शर्यतीला किंवा लग्नाच्या वरातीला घोडे नेतात, त्यांनी कायमचं अस्तर बसवून घ्यावं. खर्च एकदाच होतो. काम नीट झालं असेल तर गाडीचा पत्राही त्यामुळे जास्त टिकतो, आणि वाईट झालं असेल तर तोच पत्रा आतून लवकर कुजतो. अस्तराचं आयुष्य समोर दिसणाऱ्या रबरावर कमी आणि रबरामागच्या पाण्यावर जास्त ठरतं, म्हणून या लेखात मागच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

कायद्यालाही अस्तर हवंच आहे. प्राण्यांच्या वाहतुकीसाठीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. चारी बाजूंना गादीसारखं आवरण असलेली, खास फाळक्याची (मागच्या पाडता येणाऱ्या दाराची) गाडी वापरावी, साध्या मालवाहू गाडीत तळाला न घसरणारं आवरण असावं, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू असावा, मागे दोन भक्कम आडव्या फळ्या असाव्यात, सोबत एक माणूस असावा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर जाऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. या वेगानं पुणे गाठायला नुसतं चालवण्याचेच अकरा-बारा तास जातात. तेवढा वेळ जनावर या भिंतींना टेकून, घासून, त्यांवर भार टाकून तोल सांभाळत असतं.

आधी टेप घ्या

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जनावरांच्या गाडीत प्रत्येक जनावराला कायमचा वेगळा कप्पा हवा आणि घोड्यासाठी तो किमान २.२५ चौरस मीटरचा हवा. अस्तराची जाडी ही जागा खाते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात काम झाल्यावर येतं.

हिशेब करून बघू. हौदा ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असेल, तर क्षेत्रफळ साधारण ४.६ चौरस मीटर होतं. दोन घोड्यांना ४.५ लागतं, म्हणजे कागदावर दोन बसतात. आता चारी बाजूंना १२ मिलिमीटर प्लाय आणि ८ मिलिमीटर रबर लावलं की प्रत्येक बाजूनं २ सेंटीमीटर गेले आणि उरलं ४.४ च्या आसपास. मधली भिंत अजून धरलेलीच नाही. अशा गाडीत एकच घोडा न्यावा, तोही आरामात जातो. दोन न्यायचे असतील तर मोठा हौदा बघा. अस्तर पातळ करून जागा वाचवायच्या भानगडीत पडू नका. हौद्याची उंची वाढवायची किंवा वर छत चढवायचं असेल तर तो गाडीच्या बांधणीतला बदल होतो. आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या.

घोडा भिंतीशी काय करतो

भिंतीचे मनातल्या मनात तीन पट्टे पाडा.

तळापासून चार फुटांपर्यंत लाथेचा पट्टा. नाल मारलेला खूर पातळ पत्र्यावर बसला की पत्रा आत दबतो किंवा फाटतो, आणि फाटलेल्या पत्र्याच्या कडेत पाय अडकला तर पुढचं सांगायला नको. इथे मार सोसणारं आवरण हवं. सर्वात जास्त मार घोड्याच्या मागच्या बाजूला, म्हणून पैसे कमी असतील तर आधी फाळका आतून करून घ्या, मग बाजूच्या भिंतींचा मागचा अर्धा भाग, मग मधली भिंत. पुढची भिंत शेवटी केली तरी चालेल. मात्र ट्रकमध्ये घोडे आडवे उभे करत असाल तर गणित बदलतं. समोरून येणाऱ्या गाड्यांना ते बुजू नयेत म्हणून त्यांची तोंडं डावीकडे असावीत असं नियम सांगतात. मग पुठ्ठे उजव्या भिंतीला येतात आणि लाथाही तिलाच बसतात.

चार फुटांच्या वर खांद्याचा आणि कुशीचा पट्टा. इथे मार नाही, घासणं आहे. घाटाच्या वळणावर घोडा सगळं अंग भिंतीवर टाकतो. मुंबई-पुण्याच्या शर्यतीच्या हंगामांमुळे वर्षानुवर्षं घाट चढ-उतर करणाऱ्या घोड्यांचे मोतद्दार, म्हणजे त्यांची निगा राखणारे, हे रोज बघतात. या पट्ट्यात गुळगुळीतपणा महत्त्वाचा.

सर्वात वर डोक्याचा पट्टा. छत असलेल्या गाडीत घोडा दचकून मान वर करतो तेव्हा टाळू आडव्या पट्टीवर आपटते. त्या पट्टीला जाड फोम आणि वर रेक्झीन लावा. फोमची गादी फक्त इथे आणि छातीच्या आडव्या दांड्यावरच शोभते. खालच्या पट्ट्यात लावलेला फोम मूत पितो, कुजतो, आणि रेक्झीनला एक भोक पडलं की उद्योगी घोडा दातांनी उरलेला बाहेर काढतो.

रंगाचंही इथेच सांगून टाकतो. अंधाऱ्या बोगद्यात शिरायला घोडा नाखूष असतो. खाली काळं रबर असेल तर वरचा भाग पांढरा किंवा मलई रंगाचा ठेवा, म्हणजे गाडीत चढवताना निम्मी कटकट कमी होते. रंग शिसं नसलेलाच घ्या, कारण कडा चावणारे घोडे असतातच.

कोणता माल घ्यावा

माझं मत आधीच सांगतो: लाथेच्या पट्ट्यात प्लायवर चिकटवलेलं रबर, त्याच्या वर नुसता रंगवलेला प्लाय किंवा एचडीपीईची, म्हणजे टणक प्लास्टिकची, शीट. बाकीचे पर्याय का मागे पडतात ते बघा.

आतून दुसरा जाड पत्रा मारणं फॅब्रिकेटरला सर्वात सोपं, म्हणून तो तेच सुचवतो. २ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चारच्या एका पत्र्याचं वजन ४७ किलोच्या आसपास भरतं. तो ताशासारखा वाजतो, प्रत्येक लाथेच्या आवाजानं घोडा आणखी भडकतो आणि आणखी लाथा मारतो.

प्लाय घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघा. तोही खोटा असू शकतो, म्हणून दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी पाण्यात चार-पाच तास उकळा. थर सुटले तर तो माल घेऊ नका. मागे दीड-दीड फुटावर आधार असतील तर १२ मिलिमीटर पुरतो. आधार लांब असतील तर १८ घ्या.

रबर ८ मिलिमीटरचं, एका बाजूला गुळगुळीत. जनावरांच्या गोठ्यात अंथरायच्या जाड मॅट भिंतीला लावू नका, त्या जमिनीसाठीच ठीक. ८ मिलिमीटरच्या एका आठ बाय चारच्या शीटचं वजन ३० ते ३५ किलो होतं. कारखान्यातून निघालेला जुना कन्व्हेअर बेल्ट स्वस्त मिळतो आणि मार जबरदस्त सोसतो, पण त्याच्या आत कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेतून ते पाणी ओढतात आणि वास सुटत नाही. घ्यायचाच असेल तर कडा सीलंटनं बंद करा, आणि आत पोलादी तारा असलेला बेल्ट अजिबात नको. कडेतून बाहेर आलेली एक तार पाय फाडायला पुरेशी असते.

एचडीपीईची ६ मिलिमीटर शीट वजनाला रबराच्या निम्मी आणि धुवायला सर्वात सोपी. तिच्या दोन खोडी आहेत. तिला कुठलाही साधा गोंद धरत नाही, आणि ती तापमानाप्रमाणे भरपूर लांब-आखूड होते. डिसेंबरची पहाट आणि त्याच दिवशीचं दुपारचं ऊन यांत तीसेक अंशांचा फरक पत्र्याच्या गाडीत सहज पडतो, तेवढ्यात आठ फुटांची शीट सेंटीमीटरभर बदलते. तिला घट्ट बोल्टांनी आवळलं तर ती फुगून लाटा होतात.

घरातल्या भिंतींना लावतात ते पीव्हीसी पॅनल आणि पातळ फायबर शीट यांचा विचारही नको. दोन्ही मार बसला की तडकतात आणि त्यांच्या कपच्या होतात. गालिचा लावणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही.

आता वजन. वरच्याच ९ फुटी हौद्याला चारी बाजूंनी चार फुटांपर्यंत प्लाय आणि रबर केलं, तर २०० किलोच्या आसपास भर पडते, म्हणजे जवळपास अर्धा घोडा. गाडीच्या क्षमतेतून ते वजा करूनच बाकीचा हिशेब मांडा.

उघडून बघा, गंज काढा

जुनं जे काही लावलं असेल ते सगळं उतरवा. ‘वरूनच मारून टाकू’ म्हणणाऱ्या कारागिराला चहा पाजून घरी पाठवा. खालच्या वीतभर भागात हातोडीनं टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आत गंजलेला. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करून घ्या. गंजलेल्या पत्र्याला रबर झाकतं, आधार देत नाही.

मग गाडी आतून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा. मुतातून तयार होणारा अमोनिया आणि क्षार रंगाखाली राहिले तर गंज पुन्हा डोकं काढतो. पूर्ण सुकल्यावर तारेचा ब्रश आणि ग्राइंडर फिरवा, त्याच दिवशी प्रायमर मारा. लोखंडाला इपॉक्सी प्रायमर उत्तम, नाहीतर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर एनॅमल. पावसाळ्यात हे काम काढू नका.

भोकं पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा. दिव्यांच्या तारा, ब्रेकची नळी आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते खडूनं बाहेरच्या बाजूला खूण करून ठेवा. अस्तरामागून तार न्यावी लागलीच तर ती पाइपातून न्या.

चॅनेल (पत्र्याला आधार देणारा सांगाडा) आणि पत्रा यांच्या मधल्या पोकळ्यांत बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, पॉलिथिलीन फोम कापून बसवा. त्यानं आवाज मरतो आणि पहाटेच्या थंडीत घोड्याच्या उच्छ्वासाची वाफ पत्र्यावर जमून मागे ओघळणं कमी होतं. साधा स्पंज वापरू नका, तो तीच वाफ साठवून ठेवतो. पोकळीचा खालचा दोन बोटं भाग मोकळा सोडा आणि तळाच्या चॅनेलला दर दोन फुटांवर १० मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे मागे गेलेलं पाणी बाहेर पडेल.

पाण्याचा नियम एकच धरा: वरून बंद, खालून उघडं. धुताना पाणी वरच्या कडेतून मागे जातं, म्हणून ती सीलंटनं पूर्ण बंद करायची. खालची कड कधीच बंद करायची नाही. पुष्कळ कारागीर सफाईदार दिसावं म्हणून चारी कडा भरतात. मग मागे शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. दोन तुकड्यांचा आडवा सांधा आला तर कौलांसारखा वरचा तुकडा खालच्यावर चढवा.

प्लाय बसवणं

पुठ्ठ्याचा साचा आधी कापून भिंतीला लावून बघा. ट्रकचे हौदे क्वचितच काटकोनात असतात. प्लाय साच्याप्रमाणे कापा, तळापासून १० मिलिमीटर वर राहील असा. मग त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना रंगाचे किंवा इपॉक्सीचे तीन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कडेतून. बोल्टची भोकं पाडल्यावर त्या भोकांच्या आतही ब्रश फिरवा. हे कंटाळवाणं काम आहे, आणि अस्तर उतरवायची वेळ येते ती बहुतेक याच आळसामुळे.

बोल्ट ८ मिलिमीटरचे, गोल डोक्याचे आणि मानेशी चौकोनी, म्हणजे डोकं आत राहतं आणि नट बाहेरून आवळता येतो. नट नायलॉन कड्याचे घ्या, धक्क्यांनी ते सुटत नाहीत. नटाखाली मोठा रुंद वॉशर टाका. फक्त पत्र्यात रिव्हेट मारून प्लाय टांगू नका, बोल्ट चॅनेलमधून जायला हवेत. कडेनं दर आठ-नऊ इंचांवर, मधल्या आधारांवर दर फुटावर एक. आत एकही टोक येणार नाही याची खात्री करत पुढे जा. अॅल्युमिनियमची गाडी असेल तर स्टीलचा बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर किंवा सीलंटचा थर हवाच. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना चिकटले की अॅल्युमिनियम भुगा होऊन गळतं.

रबर बसवणं

रबर दुकानातून गुंडाळी होऊन येतं. अर्धा दिवस उन्हात सपाट पसरून ठेवा, मगच मापं घ्या. धारदार कटर, साबणाचं पाणी आणि लोखंडी पट्टी घ्या, एका घावात कापायचा हट्ट न धरता तीन-चार वेळा फिरवा. सांध्यांत तीन-चार मिलिमीटर फट सोडा, उन्हात रबर पसरतं.

प्लायचा वरचा चकचकीत रंग कागदानं घासून खरखरीत करा, रबराची पाठही घासा आणि थिनरच्या फडक्यानं पुसा. निओप्रीनचं कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना सारखं लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की जोडायची वेळ झाली. एकदा टेकलं की रबर हलत नाही, म्हणून मध्ये पीव्हीसीचे दोन-तीन पाइप उभे धरून वरची कड आधी जुळवा, मग एकेक पाइप काढत रोलरनं दाबत जा. हे दोन माणसांचं काम आहे. दारं उघडी ठेवा, बिडी-सिगारेट दूर ठेवा, त्या वाफा पेटतात.

नुसत्या गोंदावर विसंबू नका. उन्हात तापलेल्या पत्र्यामागे गोंद मऊ पडतो आणि रबराची वरची कड ओठासारखी सुटते. म्हणून वरच्या कडेवर इंचभर रुंद अॅल्युमिनियमची पट्टी मारा, आठ इंचांवर बोल्ट. खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक रुंद डोक्याचा बोल्ट पुरे. सांधे आणि पट्टीची वरची कड पॉलियुरेथेन सीलंटनं भरा. सिलिकॉनच वापरायचं असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लोखंड गंजवतं.

वरच्या पट्ट्यात एचडीपीई लावत असाल तर भोकं बोल्टपेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठी पाडा, फक्त मधलं एक भोक बोल्टाच्या मापाचं ठेवा. बाकीचे नट बेताने आवळा. शीटला दोन्ही टोकांना सरकायला अर्धा-अर्धा सेंटीमीटर जागा असू द्या.

कडा, कड्या आणि मधली भिंत

तोंडाच्या उंचीवर प्लायची उघडी कड राहिली तर तिला अॅल्युमिनियमचा अँगल चढवा. दार, फाळका, खिडकी यांच्या कडांनाही तेच.

दोर बांधायच्या कड्या अस्तराला लावलेल्या चालत नाहीत. कडीचा बोल्ट अस्तर, पत्रा आणि चॅनेल या तिन्हींतून आरपार गेला पाहिजे, मागे जाड पट्टीचा आधार हवा. घाबरलेला घोडा मागे खेचतो तेव्हा कडी नुसत्या प्लायमध्ये असली तर प्लायसकट येते.

मधली भिंत तळापर्यंत कडक करण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. वळणावर तोल सांभाळायला घोड्याला पाय फाकवावे लागतात. पाय फाकवता आले नाहीत की तो भिंतीवर खूर मारत सरकायला लागतो, आणि लोक म्हणतात घोडा वाईट आहे. मधली भिंत वरून दोन-अडीच फूट भक्कम आणि दोन्हीकडून रबर लावलेली करा. त्याखाली जाड रबराची झालर लोंबती सोडा. शेजारच्याच्या पायावर पाय पडत नाही आणि दोघांनाही पाय फाकवायला जागा मिळते.

हवेच्या खिडक्या अस्तरानं झाकू नका. हे लिहायची गरज वाटू नये, पण पूर्ण बंद केलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात.

घोडा चढवण्याआधी

हातावर जुना सुती मोजा चढवून सगळ्या भिंतींवरून, कोपऱ्यांतून, बोल्टांवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे उद्या कातडी अडकणार. तिथे कानस मारा.

मग पाण्याचा पाइप घेऊन आतून मनसोक्त धुवा आणि दुसऱ्या माणसाला गाडीखाली उभं करा. तळाच्या भोकांतून पाणी पाच-दहा मिनिटांत गळून थांबलं पाहिजे. कुठूनच आलं नाही तर वाट तुंबली आहे, तासभर ठिबकत राहिलं तर मागे कुठेतरी साठतं आहे.

शेवटी रबरी डोक्याच्या हातोड्यानं भिंत जोरात ठोका. पोकळ घुमणारी जागा सापडली तर तिथे एक बोल्ट वाढवा. गोंदाचा वास जाईपर्यंत गाडी उघडी उन्हात ठेवा, त्याला चार-पाच दिवस लागतात. वास असताना घोडा चढवायचा नाही.

पहिली फेरी तास-दीड तासाचीच करा, शक्यतो एखादा घाट घेऊन. परत आल्यावर प्रत्येक नट पान्यानं तपासा. नवा प्लाय थोडा दबतो आणि पहिल्याच फेरीत काही नट सैल होतात. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी आणि मोठ्या यात्रेच्या आधी तपासलं तरी पुरतं. प्रत्येक फेरीनंतर लीद काढून साध्या पाण्यानं भिंती धुवा, फाळका उघडा टाकून गाडी नाकाकडून थोडी उंच जागी उभी करा. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर आधी मूत पूर्ण धुऊन टाका, अमोनियाशी ती मिसळली की विषारी वायू निघतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तळाच्या भोकांत तार घालून ती मोकळी करा आणि वरच्या कडेचं सीलंट जिथे सुटलं असेल तिथे नखानं उकरून नवीन भरा.